झाडं मे महिन्यात मोजायची: एका डीपी रोडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे शहर घाटाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतलं. शहराचं, रस्त्याचं, माणसांचं, सोसायट्यांचं, कुणाचंच नाव इथे देत नाही. आकडे मात्र आमच्या वहीतले आहेत आणि ती वही 2023 पासून माझ्याकडे आहे. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ‘मॅडमना झाडांतलं कळतं’ एवढ्या भांडवलावर मला या कामात ओढलं.

प्रकरण एका डीपी रोडचं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याचं आहे. लांबी 1.1 किलोमीटर, दिशा साधारण उत्तर-दक्षिण. पूर्वी हा गावठाणाकडे जाणारा अरुंद रस्ता होता. दुतर्फा कडुनिंब, मधे दोन वड, ओढ्याच्या मोरीपाशी एक जुना करंज. फेब्रुवारी 2022 मध्ये रुंदीकरण झालं आणि 11 मोठी झाडं गेली.

शहरांतल्या झाडांसाठी राज्यात 1975 चा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ मानलं जातं, आणि झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. आमच्या 11 झाडांच्या अंदाजे वयांची बेरीज 412 आली. एकही झाड पन्नाशीला पोचलेलं निघालं नाही. ओढ्याजवळच्या वडाला कागदावर 47 वर्षं दिली होती. समोरच्या वाड्यातल्या काकांचं वय 71, आणि ते पहिलीत असताना त्याच वडाच्या पारंब्यांना लोंबकळायचे. पण हरकतीची मुदत संपल्यावर ही गोष्ट आम्हाला कळली. खोडावर चिकटवलेली नोटीस आम्ही सगळ्यांनीच येता-जाता पाहिली होती आणि कुणीच वाचली नव्हती.

जुलै 2022 मध्ये रस्त्याच्या ठेकेदाराने 412 रोपं लावली. 260 रस्त्याच्या कडेला, 152 जवळच्या अॅमेनिटी प्लॉटच्या (सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागेच्या) कुंपणालगत. दीड-दोन फुटांची रोपं, काळ्या पिशवीतली. प्रत्येकाचा जिओटॅग केलेला फोटो निघाला. त्या सकाळी शाळेची मुलं आली, भाषणं झाली, वडापाव झाला. मीही एक रोप लावलं. गुलमोहर होता.

प्रश्न कसा समोर आला

मे 2023. रस्त्यावरच्या महापालिकेच्या दवाखान्यासमोर सकाळपासून रांग लागते आणि ती अकराच्या पुढे उन्हात सरकते. त्या रांगेत एका बाईंना भोवळ आली. विशेष काही झालं नाही, पाणी पाजलं, सावलीत बसवलं. पण ‘सावलीत’ म्हणजे कुठे, तर रिक्षाच्या आत. आमच्या गल्लीतल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी त्या दिवशी विचारलं, “मॅडम, ती चारशे झाडं कुठे आहेत हो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही तिघं मोजायला निघालो. रस्त्याच्या कडेच्या 260 पैकी जिवंत सापडली 43.

कागदावर सगळी जिवंत होती. तक्रार करायला गेलो तेव्हा संबंधित कार्यालयात आम्हाला लावणीच्या दिवशीचेच फोटो परत दाखवले. फोटो खरे होते. मी त्यातल्या एकात हसत उभी आहे.

इथे थोडं थांबते, कारण पुढची सगळी दिशा या मोजणीतून निघाली. मॅनेजर काकांना आकड्यांची सवय. त्यांनी मेलेल्या झाडांऐवजी जिवंत झाडांची यादी केली आणि प्रत्येकापुढे ‘शेजारी काय आहे’ असा रकाना आखला. 43 पैकी 31 झाडं कुणाच्या तरी बसायच्या जागेपासून दहा पावलांच्या आत होती. चहाची टपरी, इस्त्रीची गाडी, रिक्षा स्टँड, सोसायटीच्या वॉचमनची खुर्ची, भाजीवाल्या मावशींचं पथारीचं ठिकाण. सात झाडं गळक्या व्हॉल्व्हजवळ किंवा फुटक्या पाइपाशी. उरलेली पाच देवाच्या कृपेने.

टपरीवाल्याला विचारलं, तू पाणी घालतोस का. तो म्हणाला, “नाही ओ ताई, मी कुठं घालतो? ग्लास विसळलेलं पाणी टाकतो नुसतं.” दिवसाला दोन-अडीचशे ग्लास विसळलेलं पाणी. त्याच्या गाडीमागचं कडुनिंब माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. त्याच्यापासून तीस फुटांवर, त्याच दिवशी, त्याच ट्रकमधून उतरवलेलं रोप लावलं होतं. तिथे उरली होती बांबूची एक काठी आणि तिला बांधलेली सुतळी.

आम्ही नेमकं काय मागत होतो

पहिल्या बैठकीला 14 जण होतो आणि 14 उद्देश होते. कुणाला ऑक्सिजन हवा होता, कुणाला पक्षी, कुणाला ‘ग्लोबल वॉर्मिंग’ थांबवायचं होतं. या शेवटच्या मुद्द्यावर मी फळ्यावर गणित मांडलं. पूर्ण वाढलेलं एक झाड ढोबळमानाने वर्षाला 20 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषतं. भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला साधारण 2 टन. म्हणजे एका माणसाचा हिशेब फेडायला 100 वाढलेली झाडं. आमच्या बैठकीतल्या 14 जणांसाठी 1,400, आणि अख्ख्या रस्त्यावर नीट अंतर राखून बसतील जेमतेम दोनशे-सव्वादोनशे. खोलीत शांतता पसरली. एकजण म्हणाले, “मग कशाला लावायची?”

यावर बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. शहरातल्या झाडाचा मोठा उपयोग हवेतला कार्बन कमी करण्यापेक्षा तापलेल्या शहरात माणसाला टिकाव धरू देण्याचा आहे. डांबर, काँक्रीट आणि पत्रा दिवसभर ऊन पितात आणि रात्री ओकतात. सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा 11 ते 25 अंशांनी थंड राहू शकतो, शिवाय पानांतून बाष्प सुटतं तेव्हा भोवतालची हवा थोडी निवते. युरोपातल्या 93 शहरांचा अभ्यास 2023 च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला होता. वृक्षाच्छादन 30 टक्क्यांवर नेलं तर शहरी उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त टळू शकतील, असा त्याचा हिशेब. आपली शहरं वेगळी, ऊन वेगळं. पण दिशा कळायला तेवढं पुरेसं होतं.

तेव्हा ठरलं की आम्हाला हवी आहे दुपारी बारा ते चार या वेळेत, उभं राहावं लागणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावली. झाडांची संख्या हा आमचा विषयच नाही. हे एक वाक्य ठरवायला दोन बैठका लागल्या. त्या लागल्या नसत्या तर पुढचा ‘3,000 झाडांचा’ प्रस्ताव आम्ही डोळे झाकून घेतला असता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पत्रव्यवहाराचा. ठेकेदाराने मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा लावावीत, म्हणून पाठपुरावा करायचा. तो आम्ही केला आणि अजून करतो आहोत. पण त्याच पद्धतीने, त्याच खड्ड्यात, तेच रोप पुन्हा लावून घेण्यात अर्थ दिसेना.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाने अॅमेनिटी प्लॉटवर मियावाकी जंगलाची तयारी दाखवली. 1,000 चौरस मीटर, 3,000 रोपं, ठिबक आणि दोन वर्षांची देखभाल त्यांच्याकडे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची ही पद्धत: स्थानिक जाती दाटीवाटीने लावायच्या, प्रकाशासाठी स्पर्धा लावायची, म्हणजे ती झपाट्याने उंच होतात. मला ही पद्धत सरसकट वाईट वाटत नाही. मुंबईत 2020 पासून महापालिकेने अशी बरीच जंगलं उभी केली आहेत. पण तिथला पाऊस आणि आमचा पाऊस यांत फरक आहे, आणि पठारावरच्या उघड्या माळाची मूळची वनराजी इतकी दाट नसतेच. मुख्य मुद्दा वेगळा होता. दवाखान्याची रांग त्या प्लॉटपासून सहाशे मीटरवर होती. जंगल तिथे, माणसं इथे. शिवाय कंपनीला फलक 3,000 या आकड्याचाच हवा होता. ‘300 लावू आणि जगवू’ म्हटल्यावर त्यांचा फोन यायचा बंद झाला.

तिसरा पर्याय टेकडीवर जाऊन झाडं लावण्याचा. रविवारी सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांचा मोठा गट आमच्याकडे आहे आणि त्यांना वाईट वाटेल, पण लिहिते. टेकडीवरचं गवत ही ओसाड जमीन नव्हे. त्या गवतात चंडोल घरटी करतात, पावसाळ्यात सोनकी फुलते. तिथे खड्डे पाडून गिरिपुष्प लावलं की हिरवं दिसतं खरं, पण गवताळ माळ जातो तो जातोच.

चौथा पर्याय आम्ही घेतला: रस्त्याच्या कडेला थोडीच झाडं, माणसं थांबतात तिथे, आणि प्रत्येक झाडाजवळ एक राखणदार.

आकडा पाण्यावरून ठरला

किती झाडं लावायची यावर प्रत्येकाचं मत होतं. 108 हा शुभ आकडा, 75 हा अमृतमहोत्सवी. शेवटी मॅनेजर काकांनी उलटा हिशेब केला. पाणी किती आहे?

रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. त्याचं शुद्ध केलेलं पाणी बागेला देऊन उरत होतं आणि गटारात जात होतं. सोसायटीच्या कमिटीने दोन महिने घेतले (वास येईल, डास होतील, उद्या आमच्यावरच आलं तर), पण आठवड्याला 5,000 लिटरचा एक टँकर द्यायला तयार झाली. नव्या झाडाला आठवड्यातून दोनदा 20 लिटर, म्हणजे 40. आधीच्या 43 ना प्रत्येकी 25. एकूण 43 ना 1,075 लिटर गेलं की उरतं 3,925, आणि सांडलवंड धरली तर नवी झाडं बसतात 90.

म्हणून 90. राज्याने 2016 मध्ये 1 जुलैला 2 कोटी झाडं लावली, 2019 मध्ये आकडा 33 कोटींवर गेला. त्या पुढे 90 म्हणजे हसण्यासारखं. आमच्या बैठकीत हसलेही लोक.

काय केलं

जागा आधी ठरवल्या. दोन दिवस दुपारी दोन वाजता रस्त्यावरून चालत गेलो आणि माणसं जिथे थांबलेली दिसली तिथे खडूने फुली मारली. दवाखान्याची रांग, दोन बसथांबे, शाळेचं फाटक, रिक्षा स्टँड, भाजीवाल्यांची पट्टी. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. भरदुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की झाडाची सावली त्याच्या पायाशीच पडते. म्हणून पसरणारं झाड हवं, आणि ते माणसाच्या अगदी जवळ हवं. उद्यानाच्या एका कर्मचाऱ्याने प्रेमाने सुचवलेला खोटा अशोक (‘जागा खात नाही मॅडम’) त्यामुळेच नाकारला. तो जागा खात नाही, कारण सावलीही देत नाही.

जाती निवडताना माझी एकच कसोटी होती: एप्रिल-मे महिन्यात अंगावर पानं असतात का? करंज या कसोटीला उत्तम उतरतो. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ उरकून पाडव्याला कोवळा झालेला असतो. वावळही तसाच. ओढ्याजवळ, ओल असलेल्या पट्ट्यात ताम्हण. वीजतारांखाली मोठी झाडं लावली तर पाच वर्षांनी पावसाळ्याआधीच्या छाटणीत त्यांचं मुंडकं उडणार हे माहीत होतं, म्हणून तिथे कांचन आणि बहावा. बहाव्याबद्दल पुढे लिहिते, तिथे मी चुकले.

खड्डे घेतले तेव्हा जुन्या रोपांचं मरण उलगडलं. वर सहा इंच माती. खाली दाबून बसवलेला मुरूम, गिट्टी, रुंदीकरणाचा राडारोडा. एका ठिकाणी तर पावसात भिजून दगड झालेली सिमेंटची अख्खी गोणी निघाली. दीड फुटाच्या खड्ड्यातलं रोप पहिल्या पावसात मजेत वाढलं असणार. डिसेंबरात मुळं त्या मुरमाला टेकली आणि मार्चमध्ये खेळ संपला. काही मेलेली रोपं उपटून पाहिली, तर पिशवीतली गुंडाळी झालेली मुळं तशीच गुंडाळी होऊन बसली होती. पिशवी फाडताना मुळं मोकळी केलीच नव्हती.

आम्ही 3 फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेतले, राडारोडा उचलला, पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. रोपं सात-आठ फुटांची, मोठ्या पिशवीतली. रोप, खड्डा, माती, बांबू, सगळं मिळून झाडामागे दोन हजारांच्या आत खर्च आला. लोखंडी ट्री गार्ड घेतले नाहीत, कारण आधीचे भंगारात गेले होते. बांबू आणि बाभळीच्या काट्या लावल्या. शेळ्या त्याला मान देतात.

लावणी जुलै 2023 मध्ये झाली. फोटो काढले नाहीत म्हटलं तर खोटं ठरेल, पण कमी काढले.

निर्णयाची वळणं

ऑगस्टने फजिती केली. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. टँकर दिवाळीनंतर सुरू करायचा असं ठरलं होतं. श्रावणात झाडांना पाणी घालायला टँकर बोलवायचा ही कल्पनाच डोक्यात बसेना. चार दिवस वाट पाहू, असं करत दहा दिवस गेले. टँकर आला तोवर पाच रोपांची पानं करपली होती. ती पाचही पुढे गेली. ‘पाऊस पडला नाही तर कोण, कधी ठरवणार’ हे वहीत आधी लिहिलेलं असतं तर वाचली असती.

दुसरं वळण राखणदारांचं. 90 झाडांसाठी 34 जण तयार झाले. इस्त्रीवाल्या ताई, वॉचमन, रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, टपरीवाला. मानधन द्यायचं का यावर वाद झाला. द्यावं, असं माझं मत होतं. पैसे दिले की काम ‘तुमचं’ होतं, असं बाकीच्यांचं. मधला मार्ग म्हणून प्रत्येकाला 50 लिटरचा एक पिंप दिला, टँकरवाल्याने तो भरायचा, राखणदाराने झाडाला घालायचं. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की टपरीवाला त्याच पाण्यात ग्लास विसळतोय. शुद्ध केलेलं असलं तरी ते सांडपाणी! पोटात गोळा आला. त्याची काही चूक नव्हती. पाण्याने भरलेला पिंप दारात ठेवला तर माणूस वापरणारच. खाण्यापिण्याच्या गाड्यांसमोरचे पिंप त्याच दिवशी उचलले, तिथे टँकरचा पाइप थेट आळ्यात सोडायला लागलो. बाकीचे पिंप लाल रंगवून त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ लिहिलं. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तर नक्कीच.

तिसरं वळण एका मोबाइल दुकानदाराचं. त्याच्या दुकानासमोरचा करंज दोनदा वाळला. दुसऱ्यांदा खोडाशी पांढरा थर दिसला, जाडं मीठ. गटातल्या तरुणांना तक्रार नोंदवायची होती आणि ती योग्यही ठरली असती. मॅनेजर काका आधी दुकानात जाऊन बसले. तासाभराने कळलं की त्याचा राग झाडावर नव्हता, पाटी झाकली जाण्यावर होता. पुढचं झाड आठ फूट सरकवून दोन दुकानांच्या मधल्या भिंतीसमोर लावलं. ते आज जिवंत आहे. पण त्या पट्ट्यात आम्ही कुणालाच न विचारता फुल्या मारल्या होत्या आणि दुकानांसमोरची एकूण पाच झाडं अशीच गेली.

डिसेंबर 2023 मध्ये एका रात्रीत इंटरनेट केबलसाठी चर खणला गेला, फुटपाथच्या कडेने, सरळ रेषेत. नऊ झाडांची एका बाजूची मुळं तुटली, सहा झाडं महिन्याभरात वाळली. परवानगी रीतसर होती. त्या परवानगीच्या नकाशावर झाडं नव्हती, एवढंच.

हाच प्रकार नोव्हेंबर 2024 मध्ये पेव्हर ब्लॉकच्या वेळी होणार होता. मुकादम म्हणाला, “मॅडम, डिझाइनमध्ये झाड नाही.” या वेळी तयारी होती. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. त्या आदेशाची प्रत आणि आमच्या झाडांचा हाताने काढलेला नकाशा घेऊन अभियंत्यांकडे गेलो. अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. त्यांनी नकाशाची झेरॉक्स मागितली आणि ब्लॉकमध्ये चौकोन मोकळे सोडायला सांगितले. कायद्यापेक्षा नकाशाचा उपयोग जास्त झाला, असं मला वाटतं. त्यांच्याकडे ती माहिती कुणी दिलीच नव्हती.

निष्पत्ती

मे 2025 च्या मोजणीत 90 पैकी 71 झाडं जिवंत होती. जुन्या 43 पैकी 38. गेलेल्या 19 ची फोड अशी: ऑगस्टातली पाच, चरातली सहा, दुकानांसमोरची पाच, तीन गाड्यांच्या धडकेने.

या आकड्याला एक शेपूट जोडायला हवं. 2025 चा मे महिना आमच्याकडे कोरडा गेलाच नाही. अवकाळी धो-धो झाला आणि मोसमी पाऊसही मुंबईत 26 मे रोजीच पोचला. ज्या महिन्यात झाडांची परीक्षा घ्यायची, त्याच महिन्यात निसर्गाने पेपर फोडला. 2024 चा उन्हाळा मात्र खरा होता, आणि त्याच्या शेवटी 73 होती. म्हणून निकालावर माझा बऱ्यापैकी भरवसा आहे.

सावलीचं काय? एप्रिल 2025 मध्ये दुपारी अडीच वाजता, रुंदीकरणातून वाचलेल्या एका जुन्या कडुनिंबाखाली आणि त्याच्या शेजारच्या डांबरावर आम्ही इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. उन्हातलं डांबर 58 अंश, सावलीतलं 39. दवाखान्यासमोरच्या आमच्या करंजाखाली 47, कारण त्याची सावली अजून चाळणीसारखी आहे. हवेचं तापमान साध्या थर्मामीटरवर सगळीकडे जवळपास सारखंच निघालं. एका ओळीतल्या झाडांनी अख्ख्या रस्त्याची हवा थंड होत नाही, हे आम्ही लोकांना सांगतो. काहींचा हिरमोड होतो.

पण रांग सरकली आहे. दवाखान्याच्या फाटकापासून सरळ उभी राहायची ती आता किंचित वाकडी होऊन करंजांच्या कडेने जाते. कुणी सांगितलेलं नाही.

आज केलं असतं तर

बहावा कमी लावला असता. एप्रिल-मेमध्ये तो सोन्याच्या झुंबरांनी लगडतो, लोक थांबून फोटो काढतात, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या अंगावर पानं नसल्यात जमा असतात. माझी स्वतःची कसोटी मी फुलांच्या मोहात विसरले. बसथांब्याजवळ तर नकोच होता.

केबल, पाणी, ड्रेनेज, वीज, या सगळ्या कार्यालयांना खड्डे घेण्याआधी नकाशा दिला असता. आम्ही तो पेव्हर ब्लॉकच्या धास्तीने केला, म्हणजे 16 महिने उशिरा. दुकानदारांकडे खडू घेऊन जाण्याऐवजी आधी चहा प्यायला गेलो असतो. आणि 2022 च्या फेब्रुवारीत खोडावरची नोटीस वाचली असती. 71 रोपांना एका वडाएवढी सावली धरायला किती वर्षं लागतील याचा हिशेब मॅनेजर काकांनी केलेला नाही, मीही करायला सांगितलं नाही.

अॅमेनिटी प्लॉटच्या 152 झाडांकडे आमचं दुर्लक्ष झालं. तिथे आज सुबाभूळ माजली आहे, आपोआप आलेली. लांबून हिरवं दिसतं.

सगळ्यात अवघड गोष्ट राखणदारांची. आमची सगळी योजना रस्त्यावर बसणाऱ्या माणसांच्या भरवशावर होती, आणि रस्त्यावर बसण्याचा त्यांचा हक्क आम्ही गृहीत धरला होता. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यात नोंदणी, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती सगळं आहे. आमच्या 34 पैकी किती जणांकडे प्रमाणपत्र आहे हे आम्ही एकदाही विचारलं नाही. दिवाळीआधी अतिक्रमणाची गाडी आली. नऊ जणांच्या गाड्या उचलल्या, त्यात टपरीवाल्याचीही. फुटपाथ मोकळा हवा ही मागणी करणारेही आमच्याच सोसायट्यांमधले होते, दोघं तर आमच्याच गटातले.

त्या नऊ जणांकडे 21 झाडं होती. त्यांचं पाणी आता टँकरवाल्या पोराकडे आहे. आठवड्याचा हिशेब 5,000 लिटरमध्ये बसत नाही म्हणून सोसायटीकडे दुसरा टँकर मागितला आहे, कमिटीची बैठक रविवारी आहे. टपरीवाला मोरीच्या पलीकडे, दुसऱ्या प्रभागात बसतो. परवा त्याच्याकडे गेले होते, प्रमाणपत्राचे कागद भरायला. जवळ झाड नव्हतं. त्याने ग्लास विसळले, पाणी हातात धरून जरा इकडे-तिकडे पाहिलं आणि गटारात ओतलं.